राजाची मस्करी अंगाशी आली

"काकू, आलात लेकीकडून? हॉलंड काय म्हणतंय?"

"थंडी, दुसरं काय! पण ऑटर्लोच्या क्रोलर-म्युलर संग्रहालयात नेलं होतं जावयांनी. सगळे व्हॅन गॉगपुढे, आणि मी अडकले जेम्स एन्सरच्या चित्रापाशी. १८९६ चं. उंच दालन, मुंगीएवढ्या माणसांची ही गर्दी, आणि वर साखळीला माणसं लटकून जळतायत!"

"अगं बाई! आग लागली?"

"लागली नाही, लावली. एडगर ॲलन पोची गोष्ट ती, १८४९ ची. राजा आणि त्याचे सात प्रधान, सगळे थट्टेखोर. विदूषक हॉप-फ्रॉग बुटका, पायांनी अधू. त्याला दारू सोसत नाही हे ठाऊक असून राजा बळंच पाजायचा. मैत्रीण ट्रिपेटा मध्ये पडली, तर मेल्याने पेला तिच्या तोंडावर रिकामा केला."

"जळ्ळं मेलं त्याचं लक्षण!"

"जळलंच की! हॉप-फ्रॉग म्हणाला, महाराज, मुखवट्यांच्या नाचात तुम्ही आठजण ओरांगउटान व्हा. अंगाला डांबर, वर जवसाचे तंतू, सगळे एका साखळीत. ऐन रंगात झुंबराच्या साखळीला अडकवून वर ओढलं आणि लावली मशाल!"

"लोक काय करत होते?"

"आधी हसत होते. आणि दारांना कुलपं राजानेच घालायला लावलेली, किल्ल्या कुणाकडे? हॉप-फ्रॉगकडे! तो छताच्या झरोक्यातून पसार, ट्रिपेटाही गायब."

"काहीतरीच! असं कुठे होतं का?"

"फ्रान्सच्या दरबारात झालंय, १३९३ साली. सहावा शार्ल आणि त्याचे सोबती रानटी माणसांच्या सोंगात नाचत होते, मशालीने पेट घेतला, चौघे गेले. राजाला बेरीच्या डचेसने घागऱ्याखाली घेतलं म्हणून वाचला. पोर जेमतेम चौदा-पंधराची, नवरा पन्नाशी ओलांडलेला."

"शी! पण एन्सरला हेच का सुचावं?"

"ऑस्टेंडचा तो, बेल्जियमचा. आईकडच्यांचं शंखशिंपले आणि मुखवट्यांचं दुकान. वडील दारूपायी गेले, १८८७ मध्ये. याच्या चित्रांना टीकाकार हसायचे. आता याला हॉप-फ्रॉग जवळचा वाटणार नाही तर काय राजा?"

"तरी जिवंत जाळायचं म्हणजे..."

"मलाही नाही पटलं. पण पेला आठवला की राजाची कीवही येईना. आणि गंमत ऐका, १९२९ मध्ये बेल्जियमच्या राजाने एन्सरला बॅरन केलं."

"आणि घेतलं त्याने?"

"घेतलं तर! हा राजा कुठे पेले फेकत होता?"