अंपायर पाहिजे

6 जानेवारी 2008, रविवार सकाळ. बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात तीन भाषांचं एकमत झालं. आमच्या भागात हे दर पिढीला एखाददा घडतं, म्हणून तारीख लक्षात आहे. सुसल्याच्या प्लेटा अर्ध्यावर होत्या. टीव्हीवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनीची कसोटी चालली होती. सायमंड्सचा चेंडू राहुल द्रविडच्या पॅडला घासून गिलख्रिस्टच्या हातात गेला आणि स्टीव्ह बकनर यांनी शांतपणे बोट वर केलं. पंक्चरवाले मामू ओरडले, "कैकू दिया रे आऊट?" अडतीवरचे अप्पा म्हणाले, "औट अल्ला री!" मास्तर म्हणाले, "अहो, बॅट होती कुठं?"

सन 1956 पासून हे तिघं एका वाक्यावर एकत्र आले नव्हते.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. गांगुलीचा झेल मायकेल क्लार्कनं नीट घेतला की टेकवला, हे अंपायर बेन्सन यांनी पाँटिंगला विचारलं. पाँटिंगनं बोट वर केलं. चोरालाच पंचनामा लिहायला सांगावा तसा हा प्रकार. शेवटी त्याच क्लार्कनं एका षटकात तीन गडी उचलले आणि आपण 122 धावांनी हरलो. सायमंड्स पहिल्या डावात 30 वर असताना इशांतच्या चेंडूला त्याची बॅट लागलेली अख्ख्या जगाला ऐकू आली होती, बकनर सोडून. तो नाबाद 162 पर्यंत गेला आणि खेळ संपल्यावर, हो, मी आऊट होतो, असं सांगून मोकळा झाला. त्यात हरभजनवर तीन कसोटींची बंदी. बोलला काय आणि ऐकलं काय, यावर पुढं एका न्यायमूर्तींना बसावं लागलं. बीदर-गुलबर्ग्याच्या माणसाला त्यात काडीचंही नवल वाटलं नाही. इथं बोललं जातं दखनीत, ऐकलं जातं कन्नडमध्ये आणि राग येतो मराठीत.

सोमवारी संध्याकाळी चौकात बकनर यांचा पुतळा जाळायचं ठरलं. तुरीच्या राशी चालू होत्या, त्यामुळं तुराट्यांना तोटा नव्हता. पँट मामूंनी दिली, शर्ट अप्पांच्या हमालाचा. पांढरी हॅट मास्तरांची, शाळेच्या क्रीडास्पर्धेसाठी घेतलेली. मास्तर देताना म्हणाले होते, "जाळायच्या आधी काढून द्या." हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

पुतळा उभा राहिला आणि एकमत तिथंच संपलं. गळ्यातली पाटी कन्नडमध्ये की मराठीत? एकजण म्हणाला, दोन पाट्या लावू. मग वरची कुठली? घोषणेचा प्रश्न सुटला, कारण "मुर्दाबाद" हा शब्द तिन्ही भाषांना स्वतःचाच वाटतो. पण अग्नी कुणी द्यायचा यावर दोन मंडळं हमरीतुमरीवर आली. शेवटी मास्तरांना पंच नेमलं. मास्तरांनी रुपयाचं नाणं उडवलं. निकाल लागताच हरलेल्या मंडळानं जाहीर केलं की नाणं मास्तरांनी मुद्दाम तसं उडवलं आणि मास्तर पहिल्यापासून तिकडचेच आहेत. एकाच चौकात, दहा मिनिटांच्या आत, पक्षपाती पंचाच्या निषेधासाठी जमलेल्या लोकांनी दुसरा पक्षपाती पंच शोधून काढला. या गडबडीत पुतळा हॅटसकट पेटला.

मंगळवारी आयसीसीनं बकनर यांना पर्थच्या कसोटीतून काढून बिली बाउडन यांना आणलं. हा भालकीच्या तुराट्यांचा दणका होता असं आमच्या चौकाचं आजही ठाम मत आहे. दौरा सोडायची भाषा करणाऱ्या बीसीसीआयच्या तिजोरीचाही थोडा हातभार लागला असेल, नाही म्हणत नाही.

तसं पाहिलं तर चुकीच्या निर्णयांचा अनुभव आमच्या जिल्ह्याला ऑस्ट्रेलियापेक्षा कितीतरी जुना आहे. महमूद गवान हा बहमनी वजीर. बीदरमध्ये 1472 मध्ये त्यानं मोठा मदरसा बांधला, अजून उभा आहे. दरबारातल्या विरोधकांनी कोऱ्या कागदावर त्याचा शिक्का मिळवला आणि ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारं पत्र लिहून सुलतानापुढं ठेवलं. सुलतान दारूच्या अंमलात होता. 1481 मध्ये वजिराचं डोकं उडालं. पुरावा बनावट, पंच झिंगलेला आणि रिव्ह्यूची सोय नाही. सुलतानाला चूक कळली म्हणतात, पण तोपर्यंत फलंदाज तंबूत नव्हे, कबरीत पोचला होता. वर्षभरात सुलतानही गेला. त्याचा पुतळा मात्र कुणी जाळला नाही, तेव्हा तूर महाग असावी.

आता मुद्द्याचं. सिडनीच्या त्याच कसोटीत, पहिल्या डावात, पाँटिंगला हरभजनच्या चेंडूवर पायचीत दिलं होतं. चेंडू आधी बॅटला लागला होता. ही चूक आमच्या खतावणीत सापडत नाही. मी मामूंना आठवण करून दिली तर म्हणाले, "वो तो इन्साफ था."

आणखी मागं जाऊ. 7 फेब्रुवारी 1999, फिरोजशाह कोटला. कुंबळेनं 74 धावांत पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी घेतले. कुंबळे कर्नाटकचा, त्यामुळं त्या दिवशी आमच्या गावातली मराठी माणसंसुद्धा कन्नडिग होती. त्याच्या टोकाला उभे असलेले अंपायर ए. व्ही. जयप्रकाश, तेही कर्नाटकचेच. बिनबाद 101 वर पहिला गडी गेला तो आफ्रिदी, यष्टिरक्षकाकडं झेल. आपली बॅट लागलीच नव्हती असं तो तेव्हापासून सांगत आलाय. पाकिस्तानात जयप्रकाश यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते आमच्या बकनरविषयीच्या बोलण्याचं उर्दू भाषांतर होतं. आम्ही काय म्हणालो? रडके आहेत. आणि गंमत म्हणजे त्या सामन्यात दुसऱ्या टोकाला अंपायर कोण होते? स्टीव्ह बकनर! त्या वेळी ते अनुभवी, तटस्थ आणि जागतिक कीर्तीचे होते.

पुढच्याच पंधरवड्यात ईडन गार्डन्सवर सचिन धावबाद झाला. धावताना शोएब अख्तरवर आदळला, बॅट क्रीजच्या बाहेर राहिली, तिसऱ्या पंचानं टीव्हीवर पाहून आऊट दिलं. नियमाला धरून होतं. चूक नव्हती. तरीही एवढा दंगा झाला की शेवटच्या दिवशी प्रेक्षकांना बाहेर काढून रिकाम्या स्टेडियममध्ये सामना संपवावा लागला. तेव्हा अंपायर चुकतो म्हणून आम्ही चिडतो, ही समजूत कृपा करून काढून टाका.

मराठी माणसाला या बाबतीत आपला पूर्वज शोधायचा तर लांब जायला नको. फेब्रुवारी 1981, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर रेक्स व्हाइटहेड यांनी सुनील गावसकरांना पायचीत दिलं. बॅट लागली होती असं गावसकरांचं म्हणणं. जाताना लिलीनं काहीतरी सुनावलं, गावसकर फिरले आणि सोबतच्या चेतन चौहानलाच घेऊन मैदानाबाहेर निघाले. ते दोघे सीमारेषा ओलांडते तर सामना गेला असता. दारात व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी उभे. त्यांनी गावसकरांना आत घेतलं आणि चौहानला परत पाठवलं. पुढं ऑस्ट्रेलियाला 143 हव्या होत्या, कपिलनं पाच गडी घेऊन त्यांना 83 वर गुंडाळलं. आम्ही 59 धावांनी जिंकलो. व्हाइटहेड यांचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही, याचं कारण एवढंच. जिंकलेल्या सामन्यातला अंपायर कधी आंधळा नसतो.

बरं, बकनर यांच्या चुकांवर इलाज निघाला. 2008 च्याच जुलैमध्ये श्रीलंकेत डीआरएसची, म्हणजे रिव्ह्यूची, पहिली चाचणी झाली, आपल्याच संघाविरुद्ध. आपले रिव्ह्यू एकापाठोपाठ एक फुकट गेले. झालं! जगात सर्वांत मोठ्यानं रडलेल्या आमच्या क्रिकेट मंडळानं औषधाची बाटली उचलून फेकली आणि 2016 पर्यंत आपल्या मालिकांत डीआरएसला सहसा दारात उभं केलं नाही. मधे 30 मार्च 2011 चा एक अपवाद. वर्ल्ड कपचा सामना, डीआरएस आयसीसीचं, नाइलाज. मोहालीला सईद अजमलच्या चेंडूवर सचिनला पायचीत दिलं, रिव्ह्यूत यंत्र म्हणालं चेंडू लेग स्टंप सोडून जातोय. सचिननं 85 केल्या. त्या दिवशी यंत्रावर आमची श्रद्धा बसली, ती दोन एप्रिलला कप मिळेपर्यंत टिकली.

माझ्या एका पुणेकर मित्राला हे सगळं विचित्र वाटतं. सीमाभागातल्या माणसाला वाटत नाही. आम्ही स्वतःच लाइनवरचा निर्णय आहोत. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, त्यात जुना बीदर जिल्हा तिघांत कापला गेला. उदगीर-निलंगा तिकडं, जहिराबाद-नारायणखेड पलीकडं, भालकी-औराद-हुमनाबाद इकडं. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणी, बीदरच्या मागं भालकी सगळ्यांत शेवटी येते. माझा संशय आहे की ती घोषणा ठेक्यात बसवायला शेवटी एक तीन अक्षरी गाव हवं होतं. महाराष्ट्रात आमचा तेवढाच उपयोग झाला.

मग पंच हवा, असं महाराष्ट्र म्हणाला. सेनापती बापटांनी उपोषण केलं आणि 1966 मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांना नेमलं. तेव्हाच्या म्हैसूर राज्याला पंच नको होता. 1967 मध्ये निकाल आला: निपाणी-खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला, अक्कलकोट-दक्षिण सोलापूर भागातली 247 कर्नाटकला, बेळगाव आहे तिथंच. लागलीच, ज्यानं पंच मागितला त्याला निकाल नामंजूर आणि ज्याला पंचच नको होता तो म्हणू लागला, पंच म्हणजे परमेश्वर, आता एक गावही हलायचं नाही. साठ वर्षं होत आली, दोन्ही संघ क्रीजवर तसेच उभे आहेत. 2004 मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात रिव्ह्यू घेतला. मोठ्या पडद्यावर 'निर्णय प्रलंबित' अशी पाटी झळकते आहे. वीस वर्षांहून जास्त झाली, आम्ही पडद्याकडं बघतोय. मधल्या काळात पेन्शनीत गेलो.

हे लिहिल्याबद्दल दोन्ही बाजूंचे लोक मला 'तिकडचा' म्हणतील. म्हणोत. मास्तरांनाही म्हणाले होते.

खरं खापर फोडायचंच तर गल्लीतल्या क्रिकेटवर फोडावं लागेल. आपल्याकडं बॅटिंग करणाऱ्या टीमचा जो पोरगा आऊट होऊन बसलाय तोच अंपायर असतो. त्याची निष्ठा जगजाहीर असते, त्यामुळं फसवणूक होत नाही. तो आऊट देत नाही, समोरचे मानत नाहीत, मग भांडण होतं आणि ज्याची बॅट असते तो घरी जातो. आपण याच घटनेवर वाढलो. 1986 मध्ये इम्रान खाननं लाहोरच्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध दोन भारतीय अंपायर उभे केले, पिलू रिपोर्टर आणि हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. घरच्या अंपायरांवरून रोजचे आरोप ऐकून कंटाळला होता म्हणे. पाकिस्तानच्या कप्तानाला भारतीय अंपायर चालला! ही बातमी आमच्या टेनिस बॉल टुर्नामेंटच्या कमिटीपर्यंत अजून पोचलेली नाही.

मी एकदा त्या टुर्नामेंटला तटस्थ म्हणून उभा राहिलो होतो. एका वजनदार घरच्या पोराला पायचीत दिलं. टेनिस बॉलला एलबीडब्ल्यू नसतो, हा नियम मला त्या दिवशी मैदानाबाहेर, बराच वेळ आणि तीन भाषांत समजावून सांगण्यात आला.

तरी यंदाही टुर्नामेंट आहे, रास झाल्यावर. अंपायर पाहिजे. बॅटिंग करणाऱ्या टीमचा नसावा, बॉलिंग करणाऱ्या टीमचाही नसावा. दोन वेळचा चहा आणि सुसला मिळेल. हॅट स्वतःची आणावी. मास्तरांकडं मागू नये, ते अजून त्या विषयावर बोलत नाहीत.