परवान्याची सुनावणी आणि कुंडीतली झाडे

फ्लोरिडाच्या विधिमंडळाने २०१४ मध्ये अपस्माराच्या व कर्करोगाच्या रुग्णांसाठी कमी नशेच्या औषधी गांजाला संमती दिली, तेव्हा उत्पादनाचा परवाना मागणारी रोपवाटिका राज्यात सलग ३० वर्षे नोंदणीकृत असावी आणि तिची नोंदणी ४ लाखांहून अधिक रोपांसाठी असावी, अशी अट घातली. गांजाचा अनुभव विचारणे अर्थातच अशक्य होते, कारण तो ज्यांना होता ते बहुधा तुरुंगात होते. त्यामुळे शोभेची झाडे वाढवण्यातील ज्येष्ठता हीच औषधनिर्मितीची पात्रता ठरली. पाच विभागांसाठी पाच परवाने द्यायचे होते, आणि पात्र अर्जदारांतून निवड करण्यासाठी आरोग्य विभागाने सोडतीचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकण्याचा, नियम सुचवला. प्रशासकीय न्यायाधीशाने, म्हणजे सरकारी खात्यांच्या निर्णयांवरील तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याने, तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. मग गुणांकन आले, आणि गुण आले की फेरतपासणी आलीच: नोव्हेंबर २०१५ मध्ये परवाने जाहीर होताच नाकारलेल्या अर्जदारांनी सुनावण्या मागितल्या, जेथे रुग्णाच्या झटक्यांपेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या गुणपत्रिकेची चिकित्सा अधिक काळजीपूर्वक झाली. या साऱ्यात विधिज्ञांचे पीक मात्र पहिल्याच हंगामात जोमाने आले. परवाने देण्यासाठी कायद्याने घातलेली मुदत १ जानेवारी २०१५ ही होती. औषधाची विक्री जुलै २०१६ मध्ये सुरू झाली.