अर्थिंगवाले काका

सोलापुरात गाडी बंद पडली की पहिल्या मिनिटाला एक बघ्या थांबतो, दुसऱ्या मिनिटाला चार होतात आणि तिसऱ्या मिनिटाला अर्थिंगवाले काका येतात. वय साठीच्या पुढे, अंगात परीटघडीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पेनामागे घडी घातलेला पॉलिश पेपरचा तुकडा. सात रस्ता, आसरा चौक, कन्ना चौक, बाळीवेस, प्रत्येक भाग आपापले काका बाळगून आहे. एकाच गाडीपाशी दोन काका आले तर काम लांबते. अर्थिंग गेले आहे यावर दोघांचे एकमत असते. ते इंजिनाकडचे की बॅटरीकडचे, यावर नसते. गाडीच्या मालकाला या वादात कोणी विचारत नाही.

काकांचे निदान ठरलेले असते. "अर्थिंग धरंना झालंय." हे बॉनेट उघडायच्या आधी सांगितले जाते, कधी कधी गाडी दिसायच्याही आधी, रस्त्यापलीकडून नुसता आवाज ऐकून. गाडी पेट्रोलची की डिझेलची, मोपेड की छोटा हत्ती, याने फरक पडत नाही. होटगी रोडवर एकदा टाकीत पेट्रोलच नव्हते, काटा मात्र अर्धी टाकी दाखवत होता. काट्याचे अर्थिंग गेले होते, असे ठरले.

शब्द इंग्रजी असला तरी मामला सोपा आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हमधून निघालेला करंट तारेतून स्टार्टरला, दिव्यांना, हॉर्नला पोचतो. परतीसाठी मात्र प्रत्येकाला वेगळी तार दिलेली नसते. गाडीचा पत्रा आणि इंजिनाचे धूड हाच परतीचा रस्ता. तिथून एक जाड पट्टी बॅटरीच्या निगेटिव्हला जाते. ती पट्टी सैल झाली, गंजली किंवा तिच्या बोल्टाखाली रंग राहिला, तर बॅटरी नवी कोरी असूनही गाडी ढिम्म हलत नाही. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने काकांना विचारले होते, की गाडी रबरी टायरवर उभी असते, तिचा जमिनीशी संबंधच नाही, तर मग अर्थ कसला? "तू परीक्षा दे," काका म्हणाले, "मी गाडी सुरू करतो."

तपासणीचा क्रम काकांकडे पक्का आहे, आणि तो चुकीचा नाही. आधी "लाइट टाक." दिवा लागलाच नाही तर बॅटरी पार उतरली आहे, मेन फ्यूज उडाला आहे किंवा बॅटरीचा टर्मिनल निसटला आहे. दिवा लख्ख आहे पण सेल्फ मारल्यावर काहीच होत नाही, म्हणजे दोष स्विच, रिले किंवा स्टार्टरकडे. दिवा आहे, पण सेल्फ मारताच मिणमिणतो आणि आतून कट्-कट्-कट् असा आवाज येतो. अशा वेळी बॅटरी उतरलेली असते किंवा जोड कच्चा असतो. मीटर असेल तर काम आणखी सोपे. विश्रांतीतल्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसावेत. 12 च्या खाली आकडा गेला तर ती जवळपास रिकामी समजावी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळू नये, आणि इंजिन चालू झाल्यावर तो 14 च्या आसपास चढावा. चढला नाही तर बॅटरी भरतच नाही. काकांकडे मीटर नसतो. ते हॉर्न वाजवायला सांगतात. "पों" आला तर बॅटरी ठीक, "प्यँ" आला तर अर्थिंग. आवाज आलाच नाही तरी अर्थिंगच.

मग दहा नंबरचा पाना मागवला जातो. टर्मिनलवर चढलेली पांढरी-हिरवी पूड चहाच्या टपरीवरून आणलेल्या गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली जाते, शिशाचा खांब पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला जातो. या वेळी कोणी बिडी पेटवली तर काका एरवी न वापरलेला आवाज काढतात: "विझव की बे, बॅटरी हाय ती!" बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, ठिणगीने ती फुटू शकते, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी, हा क्रमही त्यांच्याकडून कधी चुकत नाही. पाना पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही, एवढेच त्याचे कारण. काकांनी मात्र त्याला सोवळ्याचे रूप दिले आहे.

गड्ड्याच्या यात्रेत काकांना उसंत नसते. संक्रांतीच्या सुमारास, होम मैदानाबाहेर रात्री अकराला, खेड्याकडून आलेल्या मोटरसायकली थंडीत एकामागून एक रुसतात. दोष थंडीचा वाटतो, पण तो अर्धाच खरा. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते, प्लेटा कुरतडल्या जातात. मे महिन्यात खंगलेली बॅटरी जानेवारीत दम सोडते, आणि शिव्या बिचाऱ्या जानेवारीला बसतात. अशाच एका रात्री एका जुन्या मोटरसायकलवर काकांनी तासभर कष्ट घेतले. प्लग काढून झाला, टर्मिनल घासून झाला, मालकाने निम्म्या मैदानाला वळसा घालत गाडी ढकलून पाहिली. शेवटी फुगा धरलेल्या एका पोराने हँडलवरचे लाल बटण दाबले आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. किल स्विच बंद होता. जमाव हसला. काका म्हणाले, "तेच ते. स्विचनं अर्थिंग मारलं होतं." दुर्दैवाने हे बरोबर आहे: अनेक जुन्या मोटरसायकलींत हा स्विच इग्निशनची तार बॉडीला टेकवूनच इंजिन बंद करतो.

त्यानंतर काकांना आवरणे कठीण झाले. घरातला टीव्ही, शेजारणीचा गुडघा, ठरता ठरता मोडलेले लग्न, सगळ्यांचे निदान एकाच पट्टीवर येऊ लागले.

काकांचा सुवर्णकाळ स्कूटरचा होता. 1972 साली आलेली बजाज चेतक बॅटरी मेली तरी अडत नसे. मॅग्नेटो आपली ठिणगी आपण तयार करी. स्कूटर एका अंगाला कलंडवायची, प्लग पुसायचा, किक मारायची. एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आले आणि दुचाक्यांतही फ्युएल इंजेक्शन सर्रास झाले; आता पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो, करंट नाही तर पेट्रोलही नाही. गिअर नसलेली स्कूटर तर ढकलून सुरूच होत नाही, तरी लोक तिला उताराला नेतातच. गॅरेजमधली पोरे स्कॅनर लावतात. काका लांबून बघतात. एका मोटारीला असे दोनदा नवी बॅटरी घातली गेली होती. तिसऱ्यांदा ती चौकात अडली तेव्हा काकांनी बॅटरीखालच्या पट्टीचा बोल्ट दोन आटे आवळला. सेल्फ मारताच गाडी सुरू झाली. या वेळी अर्थिंगच होते.

बरेच काका मूळचे गिरणीचे. लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. त्यांच्या इलेक्ट्रिक खात्यात ऐन विशीत लागलेली माणसे. रात्रपाळीत माग बंद पडला की त्याच्याजवळचा विणकर हात बांधून उभा राही. मजुरी कापडाच्या वारावर, त्यामुळे माग थांबेल तेवढे त्याचे पैसे बुडत. अशा माणसाकडे कंदील घेऊन धावायची सवय लागली ती सुटलेली नाही. बंद पडलेल्या यंत्राजवळून त्यांना नुसते पुढे जाता येत नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या का बंद पडल्या, असे विचारले तर काका अर्थिंगचे नाव काढत नाहीत. "चहा घेणार का?" विचारतात.

गाडी सुरू झाली की मालक क्लच सोडतो आणि हात हलवून निघून जातो. पुन्हा बंद पडायची भीती असते, त्यामुळे त्यालाही दोष देता येत नाही. काका काळे झालेले दोन्ही हात अंगापासून लांब धरून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. गाडीत एक जुने फडके ठेवावे. त्यांचा शर्ट पांढरा असतो.