बिल ओकच्या नावावर

‘मला काही नको हो, फक्त एक कोपरा द्या’ असं म्हणणारे पाहुणे तुमच्याकडेही येऊन गेले असतीलच. चार दिवसांनी लक्षात येतं, की कोपऱ्यात आपण झोपतोय. या जमातीची कुलस्वामिनी युरोपात ओकच्या झाडावर राहते. नाव सिनिप्स क्वेर्कसफोलिई. गांधीलमाशीच, पण जेमतेम तीन-चार मिलिमीटरची.

पानाच्या मागच्या शिरेत अंडं घालायचं आणि निघून जायचं, एवढंच बाईंचं कर्तृत्व. पुढे अळी काय कानमंत्र देते कोण जाणे, पान आपले उद्योग सोडून तिच्यासाठी बंगला बांधायला घेतं! दोन सेंटिमीटरपर्यंतची गोल गाठ. आधी हिरवी, मग गालावर लाली. आतला थर खायचा, बाहेरचा तुरट टॅनिनचा. बांधकाम, जेवण, तटबंदी, सगळं बिल ओकच्या नावावर. आयत्या बिळावरचा नागोबा हिच्यापुढे स्वाभिमानी म्हणायचा.

ऐन थंडीत, पानं गळल्यावर, गाठीतून बाहेर पडतात त्या झाडून सगळ्या माद्या. नवऱ्याची भानगडच नाही. त्या झाडाच्या मिटल्या कळ्यांत अंडी घालतात. तिथे इवल्याशा, जांभळ्या मखमली गाठी होतात आणि वसंतात त्यांतून नर-मादी निघतात. एक पिढी पानावर, दुसरी कळीत. दोन्ही बिलं अर्थातच ओकच्या नावावर.

पण या बंगल्यात पोटभाडेकरूही घुसतात. सिनर्गस नावाच्या माश्यांना गाठ बांधून घेण्याची अक्कल नाही. त्या हिच्या गाठीत अंडी घालतात आणि पुष्कळदा मूळ अळीच त्यात मरते. इथे मात्र मी बाईंच्या बाजूचा. शिवाय अळी स्वच्छ. कोशात जायची वेळ येईपर्यंत तिचं पोट मागून बंदच असतं, खोलीत घाण नाही. असा पाहुणा मला अजून भेटलेला नाही.

आणि उपकार तरी किती! अशाच गाठींच्या टॅनिनमध्ये हिराकस घालून युरोपने शतकानुशतकं शाई केली. बाखच्या स्वरलिप्या त्याच शाईत आहेत. पुढे शाईने त्यांचे कागद खाल्ले, ते सोडा. आपल्या बाळगुटीतलं मायफळ तरी काय आहे? तुर्कस्तान-इराणकडच्या ओकवर हिच्या चुलतबहिणीने बांधून घेतलेली गाठ. काष्ठौषधीच्या दुकानात गेलात तर मायफळ फिरवून पाहा. बारीक भोक असेल तर बाई बाहेर पडून गेल्या; नसेल तर बहुधा अजून आतच आहेत.