कुत्रं, काका आणि केस पेपर

आमच्या घराण्यात आजारी माणसापेक्षा त्याला कुठं न्यायचं हे सांगणारी माणसं नेहमीच जास्त. मी त्यातला मुख्य. पुण्यात राहतो म्हणजे याला दवाखान्यांतलं कळतं, असा गावात समज आहे. तो मी आजवर खोडून काढलेला नाही.

काकांना गल्लीतलं कुत्रं चावलं तेव्हा मी गावीच होतो. पोटरीवर दोन ओरखडे, रक्त नाही. पण काकूंनी तोवर त्यावर मिरचीपूड दाबली होती, त्यामुळं काका कुत्र्यानं ओरडतायत की मिरचीनं, हे कळायला मार्ग नव्हता.

ओरखडे कातडीवर, तेव्हा स्किनवाला गाठायचा, असा मी निर्णय दिला. साडूंच्या ओळखीचा एक सातारला होता. मुरुमवाल्या पोरांच्या रांगेत धोतर नेसलेले काका दोन तास बसले. डॉक्टरांनी पोटरी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “मी इथं रेबीजची लस ठेवत नाही.” फी मात्र ठेवून घेतली.

मग एक मोठं हॉस्पिटल. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “कोणतं डिपार्टमेंट?”

“कुत्रं,” काका म्हणाले.

“इन्शुरन्स आहे का?”

“कुत्र्याचा?”

तिनं एक फॉर्म पुढं केला. त्यात ‘एक दिवस निरीक्षणाखाली’ असं वाचल्यावर काका ज्या चपळाईनं बाहेर पडले, ती आधी दाखवली असती तर कुत्रं चावलंच नसतं.

संध्याकाळी घरी आलो, तर काकूंच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करायला गावच्या आशा सेविका, म्हणजे आमच्या आशाताई, ओट्यावर बसलेल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “अहो दादा, लस आपल्या पीएचसीत असते की!” आणि आधी काकांना नळाखाली उभं करून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं पोटरी धुवायला लावली.

पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, घरापासून तीन किलोमीटरवर. आमची जीप त्या दिवशी तिच्यासमोरून दोनदा गेली होती. पाटी मी वाचलीही होती, पण ते बाळांच्या लशीचं ठिकाण, असं माझं शहरी ज्ञान. साधारण तीस हजार वस्तीमागं एक असं केंद्र, डोंगराळ भागात वीस हजारांमागं. आणि २००५ पासून दर हजार माणसांमागं एक आशाताई, कोणतं दार कुठं आहे हे पाठ असलेली. आणि आम्ही विचारतो कुणाला, तर साडूंना!

सकाळी खिडकीवर केस पेपर काढला. काकांनी दहाची नोट सरकवली, ती परत आली. ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात त्याचेही पैसे घेत नाहीत. काका काळजीत पडले. “फुकटचं औषध लागू पडतं का रे?” सातारच्या फीचा आकडा आठवून मी गप्प बसलो.

आत गेल्या गेल्या काकांनी डोळे मिटले, सदरा वर केला आणि पोट उघडं करून उभे राहिले. पोटातली चौदा इंजेक्शनं! त्या धास्तीनंच त्यांनी आदल्या दिवशी चावल्याची गोष्ट तासभर लपवली होती.

“आजोबा, सदरा खाली घ्या,” सिस्टर म्हणाल्या. “पोटातली बंद होऊन वीस वर्षं झाली. दंड पुढं करा.”

दोन्ही दंडांवर एकेक टोचणी. झालंसुद्धा. कार्डावर पुढच्या तारखा: तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. काकांचा अपेक्षाभंग मला स्पष्ट दिसला.

हल्ली ते पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पीएचसीचा पत्ता सांगतात. परवा सुनेशी भांडून आलेल्या एकालाही सांगितला.

तर मंडळी, कुत्रं चावलंच तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवा, मिरची भाजीत घाला आणि आशाताईंना फोन लावा. त्यांचा नंबर नसला तर १०४ ही आरोग्य हेल्पलाइन आहे. साडूंना सावकाश कळवलं तरी चालतं.