जेवणासह समुद्र

गोव्याच्या ग्रँड आयलंडला जायचं ठरलं की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘जेवणात व्हेज आहे ना?’ दुसरा येतो, ‘नाश्ता त्यातच धरलाय का?’ तिसरा साडूंचा. तो ते ग्रुपवर विचारत नाहीत, मेहुण्याला वेगळा मेसेज टाकतात, ‘अनलिमिटेड म्हणजे नक्की किती बाटल्या?’ चार घरं, तीन शहरं आणि एक अमेरिकेतला भाचा मिळून दोन रात्री खल करतात. त्यात पाणी सध्या स्वच्छ आहे का, बोटीत माणसं किती भरतात, लाइफ जॅकेट पोरांच्या मापाचं मिळेल का, यावर एकही मेसेज नसतो. समुद्र आहे म्हणजे पाणी असणारच, त्यात काय विचारायचं?

गिऱ्हाईक जे विचारतं तेच दुकानदार मांडतो. त्यामुळे कळंगुट ते बागा रस्त्यावरच्या टपऱ्यांवर जी पॅकेजं टांगलेली असतात, त्यांत नाश्ता, डॉल्फिन, मासेमारी, स्नॉर्कलिंग, बार्बेक्यू, जेवण, बिअर, डीजे आणि ‘फ्री व्हिडिओ’ हे सगळं एका दमात येतं. स्नॉर्कलिंग बिचारं मासेमारी आणि बार्बेक्यू यांच्या मध्ये अंग चोरून उभं असतं. म्हणजे एका बाजूला मासे पकडायचे, दुसऱ्या बाजूला भाजायचे आणि मधल्या वेळेत पाण्यात डोकं घालून त्यांचं कौतुक करायचं. डॉल्फिनची तर हमीच असते, दिसला नाही तर पैसे परत. पाणी गढूळ निघालं तर पैसे परत, अशी पाटी अजून कुणी लावलेली नाही. लावेल तो दुकान गुंडाळून गावी जाईल.

टपरीवरचा फोटो एकदा नीट बघा. निळंशार पाणी, तळाशी पांढरी वाळू, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा तो सिनेमातला मासा. हा फोटो मालदीवचा असतो, फार तर अंदमानचा. गोव्याच्या पाण्याचा खरा फोटो लावला तर एक हिरवट चौकोन दिसेल आणि लोक त्याला छपाईची चूक समजतील. यात समुद्राचा काही दोष नाही. मांडवी आणि झुआरी वर्षानुवर्षं आपला गाळ इथेच आणून ओततात. पावसाळा संपला की तो बसायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे त्यातल्या त्यात बरे महिने. तेव्हाही दिवस चांगला असला तर चार-पाच मीटरपर्यंत दिसतं, नसला तर आपलाच हात ओळखीचा वाटला तरी समाधान मानायचं. बेटाभोवती प्रवाळ आहे, ही मात्र थाप नव्हे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. अडचण एवढीच की शास्त्रज्ञ ते बघायला जातात आणि आपण आपला व्हिडिओ काढायला.

आता निवड. सहा टपऱ्या फिरून, दोन वेबसाइट चाळून, हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला ‘आपल्या माणसासाठी शेवटचा भाव’ विचारून अखेर बुकिंग होतं. दुसऱ्या दिवशी जेट्टीवर कळतं की सहाही टपऱ्यांची गिऱ्हाइकं एकाच बोटीत बसणार आहेत. शेजारच्या नागपूरकराने हजार दिलेत, आपण पंधराशे आणि हनिमूनच्या जोडप्याने अडीच हजार. त्या जोडप्याला मनगटावर बांधायला वेगळ्या रंगाचा पट्टा मिळालेला असतो. बाकी बोट तीच, बाक तेच, टोपातला भातही तोच. पुढचा पाऊण तास सगळी बोट एकमेकांना ‘तुम्ही कितीला घेतलं?’ विचारण्यात घालवते. या सहलीतला सर्वांत खोल शोध इथेच लागतो, पाण्यात उतरण्याआधी.

बोट सुटण्याची वेळ पावतीवर साडेआठ लिहिलेली असते. प्रत्यक्षात ती वडापच्या जीपसारखी, भरल्यावर सुटते. कुणाचा नाश्ता चाललेला, कुणी जेट्टीवर टोपी विकत घेतोय, एक कुटुंब म्हापशाहून ‘पाच मिनिटांत पोचतोय’ असं अर्धा तास सांगतंय. तोवर वारा कुणासाठी थांबत नाही. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतात? पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. चार मार्कांसाठी पाठ केलेलं ते प्रकरण इथे फुकट उपयोगी पडलं असतं. सकाळी लवकर समुद्र सपाट असतो. अकरा-बारानंतर खारं वारं सुटलं की लाटा उठतात, पाणी ढवळतं, आणि नेमका त्याच मुहूर्तावर आपण मास्क चढवतो.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला नकाशा सांगू शकला असता. ग्रँड आयलंड वास्कोच्या बाजूला, मुरगावच्या टोकापलीकडे आहे. शेजारी छोटं पेकेनो, पर्यटकांच्या भाषेत बॅट आयलंड. वास्कोच्या बायण्याहून ते जवळ पडतं. पण आपण उतरलेलो असतो बाग्याला, म्हणून बोट घ्यायची सिकेरीहून किंवा नेरूलच्या कोको बीचवरून आणि मांडवी, झुआरी या दोन्ही नद्यांची तोंडं ओलांडत तासभर उसळत जायचं. बायणं का नको? तर ‘तिकडे काही मज्जा नाही हो.’ मज्जा म्हणजे रस्त्यावरची गर्दी. ती सोडून बेटावर एकांत शोधायला जायचं, हेही आपणच ठरवलेलं.

वाटेत आग्वादचा तुरुंग दिसतो. 1612 सालचा किल्ला, त्याच्या पायथ्याला गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेल्यांना जिथे डांबलं ती जागा. बोटीवरचा माइकवाला तिथे कोणत्या सिनेमाचं शूटिंग झालं ते सांगतो. मग एका हिरे व्यापाऱ्याचा बंगला येतो आणि बोट एका बाजूला कलते, कारण फोटो काढायला सगळे तिकडेच धावतात. मग डॉल्फिन. आपल्या किनाऱ्यावरचा हा डॉल्फिन करडा, कुबड असलेला, स्वभावाने सरकारी कर्मचाऱ्यासारखा म्हणावा तर त्याचा अपमान होईल, कारण तो वेळेवर हजर असतो. तो श्वास घ्यायला वर येतो, पाठ दाखवतो, खाली जातो. तेवढ्यात पाच बोटी इंजिन गरजवत त्याच्या अंगावर. मागून आवाज येतो, ‘उडी नाही मारत का हो?’ हमी दिसण्याची होती, उडीची नव्हती, असं माइकवाला समजावतो. पैसे परत मिळत नाहीत. एव्हाना वहिनींना बोट लागलेली असते आणि एव्होमिनची गोळी बसमधल्या बॅगेत राहिलेली असते.

बेट येतं. म्हणजे दिसतं. बऱ्याच बोटी तिथे नांगर टाकून उभ्या राहतात. पाय टेकवायचे तर ते पॅकेज वेगळं असतं आणि ते काल रात्रीच्या दोनशे मेसेजमध्ये कुणी वाचलेलं नसतं.

आता मुख्य प्रयोग. खलाशी एका बादलीतून मास्क आणि नळ्या बाहेर काढतो. त्याच बादलीत मागच्या तुकडीच्या नळ्या बुचकळलेल्या असतात. ‘धुतलंय सर,’ तो म्हणतो, आणि खोटं बोलत नाही, बादलीत पाणी असतंच. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंका, चोळा आणि विसळा, असं तो सांगतो. हा जगभरचा शहाणा उपाय आहे. पण सकाळी तुळशीला पाणी घालून निघालेल्या माणसाला तो पटायला वेळ लागतो. त्यानंतर मेहुण्यांची मिशी आडवी येते. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर घट्ट बसली तर पाणी आत येत नाही. मिशी मध्ये आली की केसांच्या फटीतून पाणी झिरपतं आणि नाक बुडतं. ‘साहेब, व्हॅसलीन लावा, नाहीतर काढून टाका,’ असं खलाशी म्हणाला की मेहुणे त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याने सातबारा मागितला.

पाण्यात उतरायचं म्हणजे एका रिंगेला धरायचं. खलाशी ती रिंग ओढतो, आपण पोटावर तरंगत नळीतून श्वास घ्यायचा आणि नाक आहे हे विसरायचं. तीस माणसं, दोन रिंगा, प्रत्येकी पाच मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत खारट पाणी पोटात जातं, पुढच्या दोनांत ‘वर बघा, थम्स अप करा’ असा व्हिडिओ होतो, उरलेल्या एका मिनिटात समुद्र. मासे यावेत म्हणून खलाशी पावाचा चुरा टाकतो आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे धावून येतात. त्यांचं खरं अन्न तळावर असतं, पण पाव फुकट मिळतो म्हटल्यावर तेही आपल्याच वळणावर गेलेत. संध्याकाळी व्हिडिओ येतो. पार्श्वसंगीत दणदणीत, चेहरा काचेमागे सुजलेला, मागे हिरवं धुकं. स्टेटसला लागतो, ‘अंडरवॉटर वर्ल्ड!’ खाली सत्तावीस हृदयं.

कुणी तरी तळावर पाय टेकवून उभं राहतं. खाली प्रवाळ असतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. ताडोब्यात वाघाच्या पाठीवर उभं राहून कुणी सेल्फी मागत नाही, कारण वाघाला दात आहेत. प्रवाळाचा तुकडा मोडून पर्समध्ये घातला तर तो गुन्हा आहे. पण तो फडताळात शंखाशेजारी ठेवणाऱ्या घरांत याबद्दल फार कुतूहल नसतं.

मालवणात हाच प्रकार थोड्या वेगळ्या चवीचा. तिथे 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात येतो, किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड घालायची सोय आहे. शिवाय देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा आहे, त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. गुडघाभर पाण्यात भजी खाण्यासाठी एवढं भयंकर नाव दुसरीकडे कुठे दिलेलं नसेल. मालवणचा एखादा म्हातारा तांडेल मात्र सकाळी पाण्याकडे बघून सरळ सांगतो, ‘आज पाणी गढूळ आसा, उद्या येवा.’ असा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा. आपण काय करतो? ‘फार भाव खातोय’ म्हणतो आणि शेजारच्या बोटीत बसतो. शेजारच्याला पाणी नेहमीच ‘एकदम क्लिअर’ दिसतं. खरं बोलणाऱ्याचा धंदा बसवण्याचं काम पर्यटन खात्यापेक्षा आपण जास्त मनापासून करतो.

घरात भिंतीवर कालनिर्णय असतं. साखरपुडा, गृहप्रवेश, नवी स्कूटर, सगळ्याला ते बघितलं जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त, तळ ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी त्यामानाने शांत. म्हणजे ज्या एका कामासाठी तिथी बघण्याला खरोखर शास्त्राधार आहे, नेमकं तेवढंच काम आपण शनिवार-रविवार बघून करतो. घरातल्या आजीने ‘अगो, पुनवेला कशाला समुद्रावर?’ म्हटलं तर तिला अंधश्रद्धाळू ठरवून गप्प बसवतात.

जॅकेटची गोष्ट मात्र हसून सोडता येत नाही. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. आठवड्याने, नाताळच्या दिवशी, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली आणि एकाचा जीव गेला. अशा बातमीनंतर चार दिवस सगळ्यांच्या अंगावर जॅकेट असतं. पाचव्या दिवशी ‘फार गरम होतं हो’ आणि ‘फोटोत पोट दिसतं’ सुरू. जॅकेटही असं असतं की एक बकल तुटलेलं, दुसऱ्याच्या जागी नाडी, आणि सहा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाच्या मापाचं. पाण्यात पडल्यावर ते वर राहतं, पोर त्यातून खाली सुटतं. किती प्रवासी न्यायचे ही मर्यादा गोव्यात बंदर कप्तान खातं ठरवतं, महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड. जेट्टीवर तो आकडा विचारून बघा. बोटवाला आधी तुमच्याकडे, मग तुमच्या बायकोकडे बघतो आणि विचारतो, ‘साहेब, तुम्ही प्रेसवाले का?’

तरीही जाणार असाल, आणि जावंच, तर सकाळची पहिली बोट घ्या, कमी माणसांची घ्या, पोराचं जॅकेट स्वतःच्या हाताने बांधून खांद्याला धरून वर ओढून बघा. बिअर किनाऱ्यावर परत आल्यावरही मिळते, गोव्यात तिचा तुटवडा झाल्याचं ऐकिवात नाही. आणि मे महिन्याच्या शेवटी कुणी निम्म्या दरात बोट देऊ लागला तर घेऊ नका. 2022 साली तारकर्लीच्या समुद्रात स्कुबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते मेच्या शेवटच्या आठवड्यातच. जूनमध्ये बोटी वर ओढल्या जातात. त्याआधीचा तो दर समुद्राचा रंग बघूनच उतरवलेला असतो.