भोंग्यामागचे तात्या

तळकोकणातल्या प्रत्येक गावात एक तात्या असतात. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे गुरुजी. आपण तात्याच म्हणू. ग्रामपंचायतीत त्यांचं नेमकं पद काय, हे ग्रामसेवकालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आहुजाचा ॲम्प्लिफायर ज्या कपाटात असतो, त्या कपाटाची किल्ली तात्यांच्या कमरेला असते, आणि गावात सत्ता म्हणतात ती हीच. एरवी ही सत्ता पाणीपट्टीची थकबाकी, दशावताराची वेळ आणि कुणाची तरी चुकलेली पाडी एवढ्यावरच खर्ची पडायची. मार्च २०२० मध्ये मात्र कोरोना आला आणि तात्यांचं नशीब उघडलं.

त्या महिन्यात राज्यात साथरोग कायदा लागू झाला. कायदा १८९७चा, मुंबईत प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईनं केलेला. वरून येणारी परिपत्रकंही त्याच वयाची वाटायची. ‘सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की’ इथून निघालेलं वाक्य पूर्णविरामाला पोचेपर्यंत वाचणाऱ्याचाच ऑक्सिजन खाली यायचा. तात्या पहिली ओळ जशीच्या तशी वाचत, कारण तिला वजन असतं. मग कागदाची घडी करून खिशात घालत आणि मोकळे होत: “तर गाववाल्यांनो, माझो आवाज येता मां? कलेक्टर काय म्हणतत, रिकामे फिरू नकात. फिरलास तर पोलीस फटके देतले, मगे माका सांगू येव नकात!”

चार पानांचा आदेश तीन वाक्यांत, आणि काहीही राहून गेलेलं नाही. मंत्रालयात ही कला कुणाला येत असेल असं वाटत नाही.

आरोग्याच्या बाबतीत तात्या भलतेच दक्ष. माइकवर थुंकी उडते म्हणून त्यांनी माइकला मास्क घातला होता. निळा, सर्जिकल, दोन्ही बंद मागे घट्ट गाठ मारून बांधलेले. स्वतःचा मास्क हनुवटीवर. तो वर घेतला की आवाज घुमतो, अशी त्यांची तांत्रिक अडचण होती.

आता तोंड झाकण्याचीच गोष्ट घ्या. साथ सुरू झाली तेव्हा निरोगी माणसानं सरसकट मास्क लावावा असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नव्हती; जून २०२० मध्ये तिनं सल्ला बदलला. आपल्याकडे एप्रिलपासूनच घरच्या कापडानं तोंड झाकायला सांगू लागले होते. शास्त्रात असं होतं. नवं कळलं की जुनं सोडावं लागतं, आणि कालपर्यंत आपण दुसरं सांगत होतो, आज हे कळलंय, एवढं म्हटलं की लोक समजून घेतात. पण एवढं म्हणायलाच तात्यांची जीभ वळत नाही. सोमवारी “मास्क आजाऱ्यांका, तुमका कित्याक?” म्हणणारे तात्या गुरुवारी गरजत, “मी पयल्यापासून सांगतंय, मास्क लावा!” आणि ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द तर त्या भोंग्यातून कधी बाहेर पडलेच नाहीत. कोंबडी खाल्ली तर चालेल का, पेपर इस्त्री करून वाचावा का, आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर, बकऱ्यांना कोरोना होतो का, कशालाही उत्तर तयार. खरं असायचं तेही ठणकावून, खोटं असायचं तेही ठणकावून. ऐकणाऱ्यानं निवडायचं.

तरी लोक ऐकायचे. फोन लावला की आधी खोकला आणि मग सरकारी उपदेश ऐकू यायचा. तो लोकांनी दोन दिवसांत ऐकेनासा केला. आमच्या वाडीतल्या एका काकींनी तर पलीकडचा माणूस खोकतोय म्हणून फोनच ठेवून दिला. तात्यांचं तसं नव्हतं. भोंगा कुई करून किंचाळला, तात्यांनी माइकवर दोनदा फुंकर मारली की चुलीपुढची बाईही हात थांबवायची. त्यात आपलं नाव आहे की काय, ही धास्ती.

धास्ती रास्त होती. रुग्णाचं नाव जाहीर करू नये, असा आदेश होता आणि तात्या आदेश मोडणारे नव्हेत. ते म्हणत, “नाव सांगूची परवानगी नाय. पण ज्यांच्या दारात लाल सुमो असा, आणि ज्यांची थोरली मुलगी विरारला दिलेली असा, त्या घराकडे कोणी जाव नये.” गावात लाल सुमो एकच. पुढचे पंधरा दिवस त्या घरी दूधवाला फिरकला नाही आणि विरारच्या जावयाचे फोन सुरू झाले ते वेगळंच.

याचा परिणाम तात्यांना शेवटपर्यंत कळला नाही. लोक ताप लपवायला लागले. गुपचूप पॅरासिटामॉल घ्यायचं आणि ‘उन्हानं अंग तापलंय’ म्हणायचं. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, आणि आशाताई ऑक्सिमीटर, तापमापक आणि वही घेऊन दारोदार फिरू लागल्या. त्यांचा आवाज पडवीपासून माजघरापर्यंतही पोचायचा नाही. खुर्ची दिली तरी त्या पायरीवरच बसायच्या, आधी पोरांची चौकशी करायच्या, मग हळूच बोटाला चिमटा लावायच्या. गावातला खरा ताप त्या वहीत उतरला. भोंग्याला त्याचा पत्ता नव्हता.

पण तात्यांच्या कारकिर्दीचा कळस त्याआधीच, गणपतीत, होऊन गेला होता. चतुर्थी २२ ऑगस्टला. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना चौदा दिवस शाळेत विलगीकरणात ठेवायचं की दहा, यावरून गाव आणि मुंबई यांच्यात महायुद्ध पेटलेलं. सरकारनं दहा ठरवले आणि १२ ऑगस्टच्या आत पोचा म्हणून सांगितलं. कित्येक गावांनी आपले चौदाच धरून ठेवले. तात्यांनी सकाळी चौदा पुकारले, दुपारी दहा, आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंचे फोन घेऊन थकल्यावर, “दहा ते चौदा, ज्याच्या त्याच्या सोयीप्रमाणे.” डोंबिवलीतले चाकरमानी भावाला फोन खिडकीबाहेर धरायला लावून ही घोषणा थेट ऐकत. घरगुती मूर्ती दोन फुटांपर्यंतच, हा नियम सांगताना मात्र तात्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून उंची दाखवली. भोंग्यातून ती कुणाला दिसली, देव जाणे.

लशीच्या वेळी दोन डोसांतलं अंतर चार आठवड्यांचं सहा ते आठ झालं, मग मे २०२१ मध्ये कोविशिल्डसाठी बारा ते सोळा. वरून आलेल्या खुलाशानं कुणाचं समाधान होईना. तात्यांनी प्रश्न एका वाक्यात सोडवला: “लस लोणच्यासारखी, मुरूक वेळ लागता.” शास्त्राला हे मान्य नाही, पण त्या दिवसानंतर दुसऱ्या डोसासाठी आरोग्य केंद्रात कुणी भांडलं नाही.

आणि त्याच महिन्यात तात्यांची स्वतःची चाचणी पॉझिटिव्ह आली. सिंधुदुर्ग धरून काही जिल्ह्यांत सरकारनं घरी विलगीकरण बंद केलेलं, म्हणजे शाळेत जाणं आलं. तात्यांनी आशाताईंपुढे अक्षरशः हात जोडले. “बाय गो, नाव भायर जाता कामा नये.” आशाताईंनी शब्द दिला आणि पाळला. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता भोंगा वाजला नाही. सव्वाआठपर्यंत सगळी वाडी अंगणात आली होती, आणि नळावर कुणीतरी म्हणालंच, “नाव सांगूची परवानगी नाय. पण ज्यांच्या कमरेक किल्ली असा...”

दोन दिवस गावाला सूचना मिळाल्या त्या आशाताईंकडून, दारोदार, हळू आवाजात, आणि सगळ्या बरोबर. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेकडून ओळखीचं कुई ऐकू आलं. प्रार्थनेचा लाऊडस्पीकर मुख्याध्यापकांच्या कपाटात होता, आणि तात्यांच्या जुडग्यातली एक किल्ली त्यालाही लागली होती.

“सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, माझी तब्येत बरी असा. ताप उतरलो. सगळ्यांनी मास्क लावा, मी पयल्यापासून सांगतंय. आणि शाळेत जी पेज येता, तेच्यात मीठ कमी असा. संबंधितांनी नोंद घ्यावी.”